नीट मोडणारा पार्ट

पुण्यातल्या नवले पुलाच्या उतारावर, जूनमधल्या पहिल्या पावसात, माझी गाडी पुढच्या टेम्पोवर जाऊन आदळली. वेग बेताचा होता, कुणाला खरचटलंही नाही. टेम्पोवाल्याने खाली उतरून आधी स्वतःच्या गाडीकडे आणि मग माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की लागलं ते तेवढंच. माझा बंपर फाटला होता, डावा फेंडर दुमडला होता, हेडलाइटचा एक कान तुटला होता.

गॅरेजमध्ये मिस्त्रींनी क्लिपा काढून बंपर उतरवला आणि एका हाताने उचलून भिंतीला टेकवून ठेवला. एका हाताने! इतकी वर्षं ज्याच्या भरवशावर मी पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये छाती काढून गाडी चालवत होतो, ते निव्वळ रंगवलेलं प्लॅस्टिकचं कवच होतं. त्यामागे थर्माकोलसारखी दिसणारी फोमची एक पट्टी. त्यामागे आडवा पोलादी बीम. आणि बीमच्या दोन टोकांना, गाडीच्या सांगाड्याला जोडणारे, पत्र्याचे दोन चौकोनी डबे. उजवा डबा जसाच्या तसा होता. डावा चुरगळून आखडला होता.

"हा गेला आपलं काम करून," मिस्त्री डाव्या डब्यावर टिचकी मारत म्हणाले. मग त्यांनी सगळे गॅरेजवाले विचारतात तोच प्रश्न विचारला. "बोला साहेब, माल कंपनीचा टाकू का लोकल?"

मी सवयीने म्हणालो, "सगळं ओरिजिनल."

"सगळं कशाला? फेंडर नाना पेठेतला आणतो, निम्म्याहून कमीत येईल. डबा मात्र लोकल आणलात, तर मी बसवणार नाही."

मला हे उलटं वाटलं. फेंडर सगळ्यांना दिसणारा, तो लोकल चालेल. आणि कुणाला कधी न दिसणारा तो पत्र्याचा डबा मात्र कंपनीचाच हवा? घरी येऊन मी वाचायला बसलो आणि बसलो तो बसलोच. मिस्त्रींच्या त्या एका वाक्यात मोटारगाडीचं अर्धं शास्त्र होतं.

सुरुवात फेंडरपासून करू. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी आयआयएचएस नावाची एक संस्था आहे. गाड्या भिंतीवर आदळून पाहणं हा तिचा उद्योग. 1987 साली तिने एक फोर्ड एस्कॉर्ट घेतली, तिचे पुढचे फेंडर, दारांचे बाहेरचे पत्रे आणि जाळी काढून टाकली, मूळ बॉनेटच्या जागी दुसऱ्याच कारखान्याचं बॉनेट लावलं आणि ती सोलून काढलेली गाडी आदळली. 2000 साली हाच प्रयोग टोयोटा कॅमरीवर झाला, ताशी 64 किलोमीटर वेगाने. चालकाच्या जागी बसवलेल्या पुतळ्याला होणारी इजा अखंड गाडीत आणि सोललेल्या गाडीत जवळजवळ सारखीच निघाली. म्हणजे फेंडर कंपनीचा की लोकल, हा वाद बाजूलाच राहिला. फेंडर मुळात नसला तरी आतल्या माणसाला फरक पडत नव्हता.

गाडीचं बाहेरचं रूप हा निव्वळ अंगरखा आहे. वाऱ्याला वाट द्यावी, चिखल अडवावा, शेजाऱ्याच्या डोळ्यांत भरावं, एवढंच त्याचं काम. जीव वाचवायचं काम सांगाड्याचं. आणि सांगाडा ते काम ज्या पद्धतीने करतो, ती पद्धत मला तरी अजून पुरती पचलेली नाही.

ताशी 64 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास अठरा मीटर. या वेगाने भिंतीवर आदळणं म्हणजे सोळा मीटर उंचीवरून, पाचव्या मजल्याच्या गच्चीवरून म्हणा, गाडीसकट खाली पडणं. आता हिशेब करा. गाडीचं नाक अवघं दहा सेंटिमीटर दबून गाडी थांबली, तर आतल्या माणसाच्या अंगावर त्याच्या वजनाच्या सरासरी 160 पट जोर येतो. तेच नाक साठ सेंटिमीटर चुरगळत गेलं, तर हाच आकडा 27 वर येतो. दोन्हींत वेग तोच, माणूस तोच. मधला फरक फक्त अर्धा मीटर चुरगळण्याचा. आणि हे सगळं सेकंदाच्या चौदाव्या-पंधराव्या हिश्शात आटोपतं. 'डोळ्याचं पातं लवायच्या आत' असं आपण उगाच बोलून जातो. इथे ते अक्षरशः खरं आहे.

हे पहिल्यांदा नीट ओळखलं ते बेला बारेनी या मर्सिडीजच्या अभियंत्याने. तोवर जगभर समज असा, की गाडी जितकी दणकट तितकी सुरक्षित. बारेनी म्हणाला, माणसं बसतात ती मधली खोली कडक ठेवा आणि पुढचं-मागचं अंग मुद्दाम चुरगळू द्या. 1952 मध्ये त्याला पेटंट मिळालं, 1959 मध्ये तशी गाडी रस्त्यावर आली. आपल्याकडे मात्र अजूनही प्रत्येक घरात एक काका असतातच, जे म्हणतात, "आजकालच्या गाड्या कागदाच्या. आमची अँबॅसिडर असती तर ओरखडासुद्धा आला नसता!" त्या काकांना 2009 सालची आयआयएचएसची चाचणी दाखवावी. 1959 ची भलीभक्कम शेवरोले बेल एअर आणि 2009 ची शेवरोले मालिबू यांची समोरासमोर टक्कर घडवली. मालिबूच्या चालकाच्या पायावर निभावलं असतं. बेल एअरचं स्टिअरिंग, डॅशबोर्ड, दार, सगळं चालकाच्या अंगावर आलं. जुनी गाडी मोडायला शिकलीच नव्हती.

आता तो डबा. त्याच्या पत्र्यावर ठरावीक अंतरावर बारीक खाचा असतात. पाहणाऱ्याला वाटावं, कारखान्यात कुणाच्या हातून पोचे आले. त्या खाचा हेच त्याचं सगळं शहाणपण. धक्का बसला की पत्रा वाटेल तसा वाकत नाही. पहिली घडी पहिल्या खाचेवर पडते, दुसरी दुसऱ्या. बाजाच्या पेटीचा भाता मिटावा तसा डबा मिटत जातो आणि प्रत्येक घडीला धक्क्यातली थोडी ताकद गिळतो. किती जोराला पहिली घडी पडायची हे ठरवूनच पत्र्याची जात आणि जाडी निवडलेली असते. एअरबॅगचा मेंदूही धक्क्याच्या चढउतारावरूनच ठरवतो, की हा खड्डा आहे, किरकोळ ठोकर आहे की खरा अपघात. त्यामुळे एखाद्या लोकल कारखानदाराने कौतुकाने "आम्ही कंपनीपेक्षा जाड पत्रा वापरतो" असं सांगितलं, तर फेंडरच्या बाबतीत ती स्तुती आणि डब्याच्या बाबतीत धोक्याची घंटा. जाड डबा मिटत नाही. तो धक्का तसाच मागे ढकलतो, आधी सांगाड्याकडे आणि मग तुमच्याकडे. डिसेंबर 2017 मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने गाड्यांपुढच्या लोखंडी बुलगार्डवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं, त्यामागच्या कारणांत आतल्या माणसांची सुरक्षितता हेही एक होतं. रुबाबाला लावलेली ती नळी नेमकी या डब्यांचं काम बिघडवते.

फेंडर जोखायचा तो नीट बसतो का यावर. सांगाड्याचा पार्ट जोखायचा तो नीट मोडतो का यावर. आणि गंमत अशी, की पहिली गोष्ट मिस्त्रीच्या डोळ्यांना दिसते, दुसरी जगात कुणाच्याच डोळ्यांना दिसत नाही. ती कळते एकदाच, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

दिसत नाही म्हणजे किती दिसत नाही, याचं उदाहरण पुढच्या आणि मागच्या दाराच्या मधल्या खांबात आहे. मिस्त्री त्याला बी पिलर म्हणतात. बऱ्याच नव्या गाड्यांत हा बोरॉन मिसळलेल्या पोलादाचा असतो. पत्रा सुमारे 900 अंशांपर्यंत लालबुंद तापवायचा आणि आतून पाण्याने थंड ठेवलेल्या साच्यात दाबायचा. आकार मिळता मिळता काही सेकंदांत तो विझतो आणि विलक्षण कठीण होतो. ही रीत सत्तरच्या दशकात स्वीडनमध्ये निघाली आणि 1984 च्या साब 9000 मधून गाड्यांत शिरली. या पोलादाची एक चौरस मिलिमीटर छेदाची तार जवळजवळ दीडशे किलो वजन पेलते. दोन पैलवान लटकवा! साध्या फेंडरच्या पत्र्याच्या तेवढ्याच तारेला एखादं शाळकरी पोर लटकू शकेल. आता हाच वाकलेला खांब कुणी गॅस मारून, तापवून, ठोकून सरळ केला तर? दिसायला तंतोतंत पहिल्यासारखा. पण उष्णतेने पोलादाची घडण बदललेली, आतला पैलवान गेलेला. वरून पुट्टी आणि रंग चढला की ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. म्हणून खांब सरळ करत बसायचं नाही, कंपनीने सांगितलेल्या जागी कापून नवा जोडायचा, आणि तोही सांगितलेल्या पद्धतीनेच. टेक्सासमध्ये एका दुरुस्ती केंद्राने होंडा फिटचं छत वेल्डिंग करण्याऐवजी गोंदाने चिकटवलं होतं. ती गाडी पुढे अपघातात सापडली, आतलं जोडपं गंभीर जखमी झालं आणि 2017 मध्ये ज्युरीने त्या केंद्रावर 3 कोटी 15 लाख डॉलरचा बोजा टाकला. पार्ट अस्सल की नक्कल हा तिथे मुद्दाच नव्हता. जोडण्याची रीत चुकली होती.

'कंपनीचा माल' या शब्दाचीही जरा झाडाझडती घेऊ. गाडीवर ज्या कंपनीचा बिल्ला असतो ती कंपनी त्या गाडीतल्या बऱ्याच गोष्टी बनवतच नाही. दिवे ल्युमॅक्ससारख्या कंपन्या बनवतात, काचा सेंट-गोबेन सेक्युरिट किंवा असाही इंडिया. त्यातल्या कित्येकांचे कारखाने आपल्याच चाकण-भोसरी-तळोजा पट्ट्यात आहेत. तोच दिवा गाडीच्या कंपनीच्या खोक्यात आला की 'जेन्युइन', आणि बनवणाऱ्याच्या स्वतःच्या खोक्यात आला की किंमत उतरते, माल बहुधा तोच. तिसरा प्रकार आफ्टरमार्केटचा, ज्याला बाजारात सरसकट लोकल म्हणतात. दुसऱ्याच कारखान्याने नमुना बघून बनवलेला, पण स्वतःच्या नावाने उजळ माथ्याने विकलेला. चौथा डुप्लिकेट, म्हणजे कंपनीचं नाव आणि होलोग्राम चोरून विकलेला. शेवटच्या दोघांना आपण एकाच पारड्यात टाकतो. हा तिसऱ्यावर अन्याय आहे.

पहिल्या दोन प्रकारांमधली भिंत कुणी बांधली, यावर भारतात मोठा खटला झाला. 25 ऑगस्ट 2014 रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची उपकरणं खुल्या बाजारात मिळू न देता कंपन्यांनी ग्राहकाला स्वतःच्या वर्कशॉपशी बांधून ठेवलं, असा ठपका होता. पार्ट बनवणाऱ्यांना तो बाजारात थेट विकू द्या आणि बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही आयोगाने बजावलं. दंडावरून पुढे अपिलं झाली, ते सोडा. माझ्या दृष्टीने आदेशाचा गाभा दंडात नव्हताच, तो या दुसऱ्या भागात होता.

तिसऱ्या प्रकाराची राजधानी तैवान. तिथल्या ताइनान शहरात आणि आसपास बंपर, फेंडर आणि दिवे बनवणारे एवढे कारखाने आहेत, की अमेरिकेतल्या ठोकलेल्या गाड्यांचे नवे चेहरे मोठ्या संख्येने तिथूनच जातात. नक्कल करणं म्हणजे मूळ फेंडर आणला, मोजला आणि छापला, असं मला वाटायचं. तसं नाही. साच्यात दाबलेला पत्रा बाहेर काढला की किंचित मागे उसळी खातो. त्यामुळे मूळ कारखान्याचा साचा फेंडरच्या आकाराचा नसतोच. उसळी खाऊन जो आकार येईल तो बरोबर ठरावा, अशा बेताने तो मुद्दाम 'चुकवलेला' असतो. नक्कल करणाऱ्याच्या हातात फेंडर असतो, ती चूक नसते. ती त्याला स्वतःच्या पत्र्यावर नव्याने शोधावी लागते. चांगला कारखाना ती शोधतो. बाकीच्यांची नस मिस्त्री लगेच पकडतात. रंग देण्याआधी ते फेंडर बोल्टवर अलगद टांगतात आणि बॉनेटच्या कडेच्या फटीत रुपयाचं नाणं सरकवत नेतात. पुढे सैल, मागे अडकलं, की फेंडर परत. "रंग दिल्यावर दुकानदार घेत नाही," हे त्यांचं व्यवहारज्ञान. मग ते फेंडर उलटा करून आतल्या बाजूचा काळा थर नखाने खरवडून बघतात. गंजाला अडवतो तो हा थर आणि त्याखालचा जस्ताचा लेप. पैसे वाचवायचे झाले तर कमअस्सल कारखानदार इथेच वाचवतो. पुण्यात हे चार वर्षं खपून जाईल. रत्नागिरी, मालवण, पणजीकडे, खाऱ्या वाऱ्यात, दुसऱ्या पावसाळ्यातच कडा फुगायला लागतील.

म्हणजे अंगरखा लोकल चालतो, हाडं कंपनीची हवीत. इथवर सोपं होतं. पण गेल्या काही वर्षांत अंगरखाच हाडांची कामं करू लागलाय.

बॉनेटच्या आतल्या बाजूला पाहा, एक आडवी दुबळी रेघ मुद्दाम सोडलेली असते. समोरून धडक बसली की बॉनेटने तिथे दुमडून तंबूसारखं उभं राहायचं. सरळ मागे सरकून काच फोडत आत यायचं नाही. पुढची काच पॉलियुरेथेनच्या चिकटाने सांगाड्याला जखडलेली असते. ती छताला आधार देते आणि बऱ्याच गाड्यांत शेजारच्या सीटची एअरबॅग फुगते ती तिलाच पाठ टेकून. चिकट नीट वाळायच्या आत गाडी घेऊन निघालात, तर काच कुठल्याही कंपनीची असली तरी काही उपयोग नाही. कोपऱ्यातली आयएसआयची खूण पाहायची ती वेगळीच.

आणि रडार! पुढच्या गाडीचं अंतर मोजून आपोआप ब्रेक लावणाऱ्या गाड्यांत जाळीमागे किंवा बंपरमागे 77 गिगाहर्ट्झचं रडार असतं. त्याच्या लहरीची लांबी चार मिलिमीटरहूनही कमी. रडार ज्या प्लॅस्टिकमधून बघतं त्याची जाडी या लहरीच्या मापाशी जुळवलेली असते, जेणेकरून लहरी परावर्तित न होता आरपार जाव्यात. तिथे लोकल बंपर आला, पुट्टीचा थर बसला किंवा चमकीचा रंग जाड झाला, तर गाडीच्या डोळ्यात वडस वाढावा तसं होतं. बंपर बदलला म्हणून ब्रेक बिघडला, हे वाक्य वीस वर्षांपूर्वी कुणी बोललं असतं तर त्याला आपण चहा पाजून घरी पाठवला असता.

एअरबॅगबद्दल एकच सांगतो. ती जुन्या बाजारातली नको, लोकल नको, ऑनलाइन स्वस्तात मिळाली म्हणून तर नकोच नको. जुलै 2024 मध्ये अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याने इशारा दिला, की दुरुस्तीत बसवलेल्या स्वस्त, कमअस्सल इन्फ्लेटरांच्या, म्हणजे एअरबॅग फुगवणाऱ्या भागांच्या, स्फोटात तीन माणसं मेली आहेत. 'कंपनीचा' म्हटलं की डोळे मिटणाऱ्यांना मात्र टाकाटा या एअरबॅग बनवणाऱ्या कंपनीची आठवण करून देतो. अमोनियम नायट्रेट वापरलेले तिचे इन्फ्लेटर उष्ण, दमट हवेत वर्षानुवर्षं राहून बिघडत आणि फुगताना धातूचे तुकडे उडवत. जगभर कोट्यवधी गाड्या परत मागवाव्या लागल्या. ते सगळे जेन्युइन होते. म्हणून आपल्या गाडीचा चासी नंबर टाकून कंपनीच्या संकेतस्थळावर रिकॉलची यादी एकदा बघाच.

राहता राहिला पैसा. साध्या विमा पॉलिसीत प्लॅस्टिक, नायलॉन आणि रबराच्या पार्टवर 50 टक्के घसारा कापतात, काचेवर काहीच नाही आणि लोखंडी पार्टवर गाडीच्या वयाप्रमाणे. माझी गाडी साडेतीन वर्षांची, म्हणून 25 टक्के. समजा कंपनीचा बंपर आठ हजारांचा, तर चार हजार माझ्या खिशातून. लोकलचा मोह जन्मतो तो या चार हजारांत. झिरो डेप पॉलिसी असेल तर ही कपात होत नाही. मग सगळं ओरिजिनल घ्या आणि मिस्त्रींशी वाद घालू नका. नसेल तर पैसे अंगरख्यात वाचवा. दिवा बनवणाऱ्याच्या खोक्यातला घ्या, फेंडर नाना पेठेतला घ्या, पण डबा, बीम, खांब आणि एअरबॅग यांत घासाघीस करू नका. आणि बिलावर प्रत्येक पार्टपुढे तो कुणाचा ते लिहून घ्या. नुसतं 'फेंडर 1 नग' लिहिलेलं बिल मी तरी आता घेत नाही.

माझ्याकडे झिरो डेप नव्हती. गाडीला फेंडर नाना पेठेतला बसला, दुसऱ्यांदा आणलेला. पहिला नाण्याच्या परीक्षेत नापास झाला होता. डबा कंपनीचा आला, आठ दिवस वाट पाहून. चुरगळलेला जुना डबा मी मिस्त्रींकडून मागून घेतला. भंगारात त्याचे काही रुपये आले असते, म्हणून ते जरा नाखूश होते. तो आता माझ्या टेबलावर कागदांवर ठेवलेला असतो. त्याला तीन घड्या पडल्या आहेत, आणि तिन्ही खाचांवरच.